पिट स्टॉप दोन सेकंदांचा नसतो

२०२३च्या कतार ग्रां प्री या फॉर्म्युला वन शर्यतीत पिट स्टॉपला, म्हणजे चाकं बदलायच्या थांब्यात, मॅक्लारेन संघाच्या माणसांनी लँडो नॉरिसच्या गाडीची चारही चाकं १.८० सेकंदांत बदलली. लीनच्या, म्हणजे कारखान्यात वाया जाणारा वेळ कमी करायला शिकवणाऱ्या, वर्गात असा एखादा व्हिडिओ हमखास दाखवतात. टाळ्या पडतात, आणि मागच्या रांगेतला प्रेस शॉपचा सेटर (पत्र्याला आकार देणाऱ्या प्रेसवर डाय, म्हणजे साचे, बदलणारा) मनात म्हणतो, ‘मलाही वीस माणसं द्या, मग बघा.’ या शंकेला उत्तर न देता पुढची स्लाइड लावली की वर्ग तिथेच संपला असं समजावं.

उत्तर साध्या गुणाकारात आहे. वीस माणसं, दोन सेकंद, म्हणजे चाळीस माणूस-सेकंद. सगळं काम मिळून एका माणसाचं एक मिनिटसुद्धा नाही! प्रत्येक चाकावर तिघं: एक नट फिरवणारी गन धरणारा, एक जुनं चाक काढणारा, एक नवं बसवणारा. पुढे आणि मागे एकेक जॅकवाला, पंख (हवेच्या जोराने गाडीला जमिनीकडे दाबणारी पट्टी) जुळवणारे, गाडी डगमगू नये म्हणून मधे धरणारे. माणसं भरपूर आहेत, पण खरी करामत त्यांच्या संख्येत नाही. गाडी थांबल्यावर करायचं कामच जवळजवळ शिल्लक ठेवलेलं नाही. चाकाला मधोमध एकच नट. टायर आधीच ब्लँकेटमध्ये तापवून आणलेले. प्रत्येक गनशेजारी दुसरी गन तयार. पुढच्या पंखाचा कोन किती फिरवायचा ते गाडी आत यायच्या आधीच ठरलेलं. आणि गाडी कुठे थांबायची त्याच्या खुणा जमिनीवर रंगवलेल्या. ड्रायव्हर अर्धा मीटर पुढे गेला तर सगळ्यांना सरकावं लागतं आणि तो स्टॉप तिथेच बिघडतो.

व्हिडिओत न दिसणारी गोष्टही सांगायला हवी. पिट लेनमध्ये, म्हणजे ट्रॅकवरून थांब्याकडे नेणाऱ्या रस्त्यावर, वेगाची मर्यादा असते, बहुतेक ठिकाणी ताशी ८० किलोमीटर, मोनॅकोत ६०. त्यामुळे एका स्टॉपची शर्यतीतली खरी किंमत बऱ्याच ट्रॅकवर वीस सेकंदांच्या आसपास किंवा जास्तच असते. उभं राहणं त्यातला छोटासा तुकडा. कारखान्यातही ‘डाय पंचवीस मिनिटांत बदलतो’ असं सांगणारा बहुधा फक्त बोल्ट सोडण्या-आवळण्याचे मिनिट मोजत असतो. घड्याळ जुन्या जॉबच्या शेवटच्या चांगल्या पीसला सुरू करायचं आणि नव्या जॉबच्या पहिल्या पास झालेल्या पीसला थांबवायचं. क्रेनची वाट पाहणं, ट्रायलचे पीस, क्वालिटीवाल्याला शोधून आणणं, सगळं त्यातच. फरक इतकाच की पिट लेनचा वेग संघाच्या हातात नसतो. क्रेन वेळेवर येणं आपल्या हातात असतं.

या विचाराचा उगम शर्यतीत नाही. जपानी उत्पादन-तज्ज्ञ शिगेओ शिंगो १९५०मध्ये हिरोशिमात माझ्दाच्या कारखान्यात ८०० टनी प्रेसचा डाय बदलताना पाहत होते. एक बोल्ट सापडेना. कामगार तो शोधायला गेला आणि तासाभराहून जास्त वेळाने परतला, तोही दुसऱ्या मशीनचा लांब बोल्ट कापून, त्याला आटे पाडून. मशीन बंद असतानाच करावं लागणारं काम आणि मशीन चालू असताना उरकता येणारं काम, ही दोन वेगळी केली पाहिजेत, हे तिथून सुचलं. १९६९मध्ये टोयोटात १००० टनी प्रेसचं चार तासांचं सेटिंग त्यांनी आधी दीड तासावर आणलं. व्यवस्थापनाने मग तीन मिनिटं मागितली आणि तीही झाली. त्यांच्या पद्धतीच्या नावातलं ‘सिंगल मिनिट’ म्हणजे एक मिनिट नव्हे, एका आकड्यातली मिनिटं, दहाच्या आत. हा गैरसमज अजून टिकून आहे.

भोसरी-चाकणच्या प्रेस शॉपमध्ये हे शिकवायचं असेल तर व्हिडिओऐवजी चार नटांची एखादी छोटी गाडी आणा. सपाट जमीन, हँडब्रेक ओढलेला, बदलायच्या चाकाच्या तिरक्या समोरच्या चाकाला पुढून-मागून ठोकळे, आणि गाडी उचलल्यावर खाली आधाराचा स्टँड. गाडीखाली कुणी हातही घालायचा नाही. पहिल्या फेरीत काहीच तयारी करू द्यायची नाही: स्टेपनी डिकीत, जॅक मॅटखाली, पाना कापडी पिशवीत. एक मोबाइल एका जागी ठेवून चित्रण करायचं, एकाने टप्पे लिहायचे. मग सगळ्यांनी बसून प्रत्येक टप्प्याची चिठ्ठी करायची आणि एकच प्रश्न विचारायचा, ‘यासाठी गाडी थांबायलाच हवी का?’ स्टेपनी काढणं, तिची हवा तपासणं, पाना शोधणं, जॅक नेमका कुठे लावायचा हे वाकून पाहणं... यातल्या एकाही कामासाठी गाडी थांबायची गरज नसते.

दुसऱ्या फेरीला ही कामं आधी उरकून हत्यारं वापराच्या क्रमाने चादरीवर मांडायची, नटांसाठी एक वाटी ठेवायची. इथेच वेळ सर्वांत जास्त घसरतो, आणि अजून कुणी हात भराभर चालवायला सुरुवातही केलेली नसते. तिसऱ्या फेरीला जॅकच्या जागेवर रंगाची खूण करा, ट्रॉली जॅक द्या, दोघांत काम वाटा.

आता घोटाळे. चाक जमिनीवर असताना नट सैल केले नाहीत तर वर उचलल्यावर पान्याबरोबर चाकच फिरतं. घाईत पहिला नट थेट पान्याने लावला की तो तिरपा जातो आणि आटे खातो. चारही नट आधी बोटांनी दोन-तीन फेरे बसवायचे, मग तिरक्या क्रमाने आवळायचे, आणि शेवटचा जोर चाक जमिनीवर टेकल्यावर, टॉर्क रेंचने, गाडीच्या पुस्तिकेत दिलाय तेवढाच. घड्याळ थांबवायचं ते टॉर्क तपासल्यावर. हा नियम नसेल तर वर्ग पंधरा मिनिटांत शर्यत होतो आणि माणसं शिकून जातात ती फक्त पळापळ.

नट कसा बिघडतो याचं उदाहरण शर्यतीतही आहे. २०२१च्या मोनॅको ग्रां प्रीमध्ये वाल्टेरी बोट्टासच्या मर्सिडीजवर गन तिरकी बसली, नटाच्या कडा खरवडल्या गेल्या आणि पुढचं उजवं चाक निघेना. तो शर्यतीतून बाद झाला. चाक अखेर निघालं ते इंग्लंडच्या कारखान्यात.

प्रेसवर परत येऊ. एम-१६ (१६ मिलिमीटर व्यासाच्या) बोल्टचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, २ मिलिमीटर. नट ३० मिलिमीटर आट्यांवरून चढवायचा तर पंधरा फेरे. आठ बोल्ट असतील तर एकशे वीस फेरे काढताना, तितकेच लावताना. पकड मात्र येते शेवटच्या फेऱ्यात. बाकीचे चौदा नुसता प्रवास. एका बाजूने उघडा यू-वॉशर, डायच्या प्लेटला उघडी खाच, आणि त्या प्रेसच्या सगळ्या डायची क्लॅम्पिंगची उंची एकसारखी, एवढं केलं तरी नट पूर्ण काढावा लागत नाही आणि उंची भरायचे पॅकिंगचे तुकडे शोधावे लागत नाहीत. हायड्रॉलिक क्लॅम्पचं कोटेशन मागवायच्या आधी हे करून पाहावं.

माझ्या मते मात्र बोल्टपेक्षाही महाग आहे ती जुळवाजुळव. प्रत्येक डायची शट हाइट (डाय मिटल्यावरची उंची) वेगळी म्हणून दर वेळी रॅम (प्रेसचा खाली येऊन दाबणारा भाग) वर-खाली, ट्रायल, पुन्हा रॅम. बुटक्या डायखाली कायमचा पॅरलल (उंची भरणारा सपाट ठोकळा) बोल्टने बसवून सगळ्यांची शट हाइट एक करा. सुटा पॅरलल नको, तो आठवड्यात हरवतो. बोल्स्टरवर (डाय बसतो त्या प्रेसच्या टेबलावर) डाय टेकेल असे स्टॉपर बसवले की डाय मधोमध आणायला हातोडा लागत नाही. पिटमधल्या जमिनीवरच्या खुणा त्या ह्याच.

तयारी राहिली की काय होतं ते डॅनियल रिकार्डोला २०१६च्या मोनॅकोत कळलं. तो आघाडीवर होता, गाडी आत आली आणि टायर तयारच नव्हते. जिंकत आलेली शर्यत लुईस हॅमिल्टनकडे गेली. माणसं जागेवर, गन हातात, आणि साहित्य मागे गॅरेजमध्ये. डाय मशीनवर चढवून पत्र्याच्या कॉइलची वाट पाहणाऱ्या कुणालाही हे दृश्य ओळखीचं वाटेल.

काम झाल्याची खात्री करणारी यंत्रणा नेमकं काय तपासते, हेही पाहावं लागतं. २०१८च्या बहरीन ग्रां प्रीमध्ये किमी रायकोनेनच्या फेरारीचं मागचं डावं चाक बदललंच गेलं नव्हतं, तरी गाडी सोडायचा हिरवा दिवा लागला. गाडी निघाली आणि एका मेकॅनिकचा पाय मोडला. चाक नवं आहे की जुनंच, हे त्या यंत्रणेला ओळखता आलं नव्हतं. प्रेसवर क्लॅम्पचा प्रेशर स्विच लावून निर्धास्त होणाऱ्यांनी एकदा रिकाम्या बोल्स्टरवर क्लॅम्प दाबून बघावा, दिवा हिरवा होतो का ते.