विषय निवडले शेवटच्या एस.टी.ने

२०२४ च्या जूनमध्ये मी बी.ए.च्या प्रवेशासाठी यवतमाळला गेले, तेव्हा नवे शैक्षणिक धोरण आमच्याकडच्या संलग्न महाविद्यालयांत नुकतेच येत होते आणि खिडकीपलीकडच्या बाबूंनाही अर्जातले निम्मे रकाने नवेच होते. मुख्य विषय, गौण विषय, खुला वैकल्पिक विषय, कौशल्य विषय, भारतीय ज्ञान प्रणाली ही सगळी रांग वाचून बाबांनी एकच प्रश्न विचारला, "यातला नोकरीचा कोनता हाये?" त्याचे उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हते आणि खरे सांगायचे तर अजूनही पुरते नाही.

प्रत्येक विषयापुढे लिहिलेले क्रेडिट म्हणजे गुण नव्हेत, वेळ आहे, हे मला प्रवेशानंतर आठवड्याने उमगले. वर्गातल्या शिकवण्याचे एक क्रेडिट म्हणजे सत्रभरात १५ तास आणि प्रात्यक्षिकाचे एक क्रेडिट म्हणजे ३० तास. त्यामुळे दोन क्रेडिटच्या विषयाला आठवड्यात साधारण दोन तास पुरतात, पण तेच दोन क्रेडिट प्रात्यक्षिकाचे असले तर चार तास द्यावे लागतात. सत्राचे २२ क्रेडिट वहीत मांडून मी शेजारी एस.टी.च्या वेळा लिहिल्या, तेव्हा माझी निवड आपोआप होऊन गेली.

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावाची शेवटची गाडी यवतमाळच्या स्थानकातून साडेचारला सुटत असे आणि भूगोलाचे प्रात्यक्षिक पाचपर्यंत चाले. अर्थशास्त्राच्या जोडीला भूगोल घ्यायचा, हे मी बारावीपासून ठरवले होते, कारण आमच्या वावराच्या उतारावर बांध घालायला आलेल्या माणसांच्या हातातला सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या समोच्च रेषांचा नकाशा मी लहानपणी पाहिला होता आणि आपले रोजचे वावर कागदावर असे वळ्यावळ्यांचे दिसते, याचे नवल अजून ओसरलेले नाही. तरीही मी राज्यशास्त्र घेतले, कारण त्याच्या तासिका दुपारी एकला संपत. बारावीपर्यंत गावच्या मुलींना मोफत मिळणारा पास आता ६६.६७ टक्के सवलतीचा झाला होता. तो परवडत होता, पण गाडीच नसेल तर पास कोणाला दाखवायचा? म्हणून आमच्या भागातून येणाऱ्या मुलामुलींना मी हेच सांगते की, अभ्यासक्रमाची पुस्तिका नंतर वाचा, आधी वेळापत्रक मागा आणि तो विषय शिकवायला पूर्णवेळ प्राध्यापक आहेत का, हेही तिथेच विचारा.

खुला वैकल्पिक विषय दुसऱ्या विद्याशाखेतला घ्यावा लागतो. मी वाणिज्य शाखेतला प्राथमिक हिशेबाचा विषय निव्वळ वेळ जुळली म्हणून घेतला आणि तोच सर्वांत कामाचा निघाला. सोयाबीन विकून आल्यावर अडत्याची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद, आता बाबा आधी माझ्या हातात देतात आणि हमाली, तोलाई किती कापली ते मी मोठ्याने वाचून दाखवते.

ऑक्टोबरात सोंगणीला मजूर मिळेनात म्हणून मी नऊ दिवस घरी राहिले, उपस्थिती ७५ टक्क्यांच्या खाली गेली आणि हिवाळी परीक्षेच्या तोंडावर लेखी खुलासा द्यावा लागला. त्यानंतर मायच्याच आग्रहाने दोन मैत्रिणींसोबत भाड्याने खोली घेतली. पहिले पंधरा दिवस मला रात्री झोप आली नाही. रस्त्यावरच्या दिव्यामुळे खोलीत अंधारच होत नसे.

मेसचे जेवण आठवड्याभरात नकोसे झाले, तेव्हा माय डबा एस.टी.ने पाठवू लागली. गावाहून येणारी गाडी पावणेअकराला स्थानकात लागते, कंडक्टरकाका डबा चौकशीच्या खिडकीजवळ ठेवतात आणि नेमकी त्याच वेळी माझी राज्यशास्त्राची तासिका चालू असते. सरांनी मला दर सोमवारी आणि गुरुवारी दहा मिनिटे आधी उठण्याची परवानगी दिली आहे.