तझकिरा, तारखा आणि दिल्लीची मुलाखत: माझा अनुभव

पुण्यात शिकायला आलेल्या अफगाण मुलामुलींच्या आश्रय-अर्जाचे कागद मी लावून देतो. बाहेरून पाहणाऱ्याला मुलाखत हा सगळ्यात अवघड टप्पा वाटतो. खरा वेळ खातो तो तझकिरा, म्हणजे अफगाण ओळखपत्र.

जुन्या कागदी तझकिऱ्यावर बहुधा पूर्ण जन्मतारीख नसतेच. ‘१३९० साली वय १५’, एवढाच मजकूर. म्हणजे जन्म १३७५ चा, आणि हे साल सौर हिजरी, म्हणजे अफगाण कालगणनेचं. त्यात ६२१ मिळवले की १९९६ येतं. पण ते वर्ष २१ मार्चच्या सुमारास सुरू होतं, त्यामुळे जदी या दहाव्या महिन्याच्या साधारण ११-१२ तारखेपासून पुढे जन्मलेल्याला ६२२ मिळवावे लागतात. १५ जदी १३७५ म्हणजे ४ जानेवारी १९९७. पासपोर्ट काढताना कुणीतरी सरळ १ जानेवारी टाकून मोकळं झालेलं असतं. नावाचंही तेच. तझकिऱ्यावर स्वतःचं, बापाचं आणि आजोबाचं नाव. आडनाव असेलच असं नाही. मग पासपोर्टवर कधी बापाचं नाव आडनाव होऊन बसतं, कधी टोळीचं, आणि कॉलेजच्या बोनाफाइडवर तिसरंच काहीतरी.

हे कागद ‘दुरुस्त’ करायच्या भानगडीत पडू नये. मी एक पानी तक्ता करतो: कोणत्या कागदावर काय लिहिलंय आणि फरक कशामुळे पडला. तो फाइलच्या सगळ्यात वर लावायचा. विसंगती आपण आधी दाखवली तर ती माहिती ठरते. समोरच्याला सापडली तर संशय.

भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, १९६७ च्या प्रोटोकॉलवरही नाही. तिबेटी आणि श्रीलंकेतले तमिळ यांचं सरकार स्वतः पाहतं. अफगाण, म्यानमारमधले, सोमाली वगैरे लोकांची नोंदणी, मुलाखत आणि निर्णय दिल्लीतलं यूएनएचसीआर, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचं कार्यालय, करतं. नोंदणीला कुटुंबातले भारतात असलेले सगळे हजर लागतात, तान्ह्या मुलासकट. मूळ कागद दाखवायला न्यायचे आणि छायाप्रतींचा एक संच आपल्याजवळ ठेवायचा. नोंदणीनंतर ‘अंडर कन्सिडरेशन’ प्रमाणपत्र मिळतं. अर्ज विचाराधीन आहे, एवढाच त्याचा अर्थ. कोणत्याही टप्प्यावर फी नाही. ‘लवकर करून देतो’ म्हणून पैसे मागणारा माणूस दलाल समजावा.

आता मुलाखत. विद्यार्थ्यांची गोची अशी, की त्यातले बरेच जण १५ ऑगस्ट २०२१ च्या, म्हणजे तालिबानने काबूल घेतलं त्याच्या, आधीच स्टुडंट व्हिसावर निघालेले. त्यांच्या अंगावर कुणी हात टाकलेला नसतो. मग ते सांगत बसतात की देशात परिस्थिती फार वाईट आहे. ती आहेच, पण अधिकाऱ्याला हवं असतं ‘तुलाच का?’ याचं उत्तर. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत, यांपैकी कशाशी तरी भीती जोडलेली दाखवावी लागते. देश सोडल्यानंतर निर्माण झालेली भीतीही ग्राह्य असते. तशी स्वतंत्र संकल्पनाच निर्वासित कायद्यात आहे. बाप जुन्या सैन्यात होता, घर हजारा या अल्पसंख्य समाजातलं आहे, आपण तालिबानविरोधात उघड लिहिलं, असे दुवे तारखेसकट मांडायचे.

हा घटनाक्रम अर्जदाराने स्वतः, दारी किंवा पश्तो या आपल्या भाषेत, हाताने लिहावा असा माझा हट्ट असतो. मी घोटून दिलेलं निवेदन ऐकायला झकास वाटतं आणि तिसऱ्या प्रश्नाला कोसळतं. वसतिगृहात फिरणारी ‘चालणारी’ गोष्ट उचलणं तर त्याहून वाईट, कारण तीच गोष्ट अधिकाऱ्याने आधी ऐकलेली असू शकते. तारीख आठवत नसेल तर ‘ईदनंतर, बर्फ पडायच्या आधी’ म्हणावं. ठोकून दिलेली तारीख पुढे नडते.

आणि दुभाषा घ्यावा. पुण्यात तीन-चार वर्षं काढलेली मुलं ‘आमचं इंग्रजी चांगलं आहे’ म्हणतात. दारीत काका म्हणजे बापाचा भाऊ आणि मामा म्हणजे आईचा, अगदी आपल्यासारखंच. इंग्रजीत दोघेही ‘अंकल’. सैन्यातला काका आणि काबूलहून इराणला गेलेला मामा नोंदीत एकच माणूस होतो, आणि मग तोच माणूस एका वेळी दोन ठिकाणी कसा, हा प्रश्न येतो. दुभाषाची बोली कळत नसेल तर तिथल्या तिथे सांगायचं. बदलून मागता येतो. बाईला महिला अधिकारी आणि महिला दुभाषा मागता येते.

नकार आला तर अपिलाला ३० दिवस. ते दुसरा अधिकारी पाहतो. पुन्हा तीच कहाणी लिहून भागत नाही. नकारपत्रातलं एकेक कारण घेऊन उत्तर द्यावं लागतं.

व्हिसाची गल्लत मात्र जवळजवळ सगळे करतात. यूएनएचसीआरचं कार्ड म्हणजे व्हिसा नव्हे. स्टुडंट व्हिसाची मुदत संपायच्या आधीच ई-एफआरआरओ या परदेशी नागरिकांसाठीच्या सरकारी पोर्टलवर अर्ज टाकायला हवा. दीर्घ मुदतीचा व्हिसा गृह मंत्रालय देतं. त्याची कार्यपद्धती २०११ ची, २०१९ मध्ये सुधारलेली. तो मिळाला तर खासगी नोकरी आणि शिक्षण दोन्हीची मुभा असते. इथे पासपोर्टचा पेच येतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये तालिबानने मुंबईतल्या अफगाण वाणिज्य दूतावासात आपला माणूस नेमला. ज्यांची भीती वाटते म्हणून अर्ज केला, त्यांच्याच खिडकीशी नूतनीकरणासाठी उभं राहिलं तर त्याचा खुलासा द्यावा लागतो. जाण्याआधी वकिलाशी बोलावं.

तिसऱ्या देशात पाठवणीची आशा मी कुणाला दाखवत नाही. जगभरच्या निर्वासितांपैकी एक टक्क्याहून कमी लोकांना दर वर्षी ती संधी मिळते.

एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट: नोंदणीत दिलेला मोबाइल नंबर चालू ठेवा. मुलाखतीचा निरोप त्यावर यायचा असतो, आणि रिचार्ज राहून गेलेलं सिम कंपनी काही महिन्यांनी भलत्याच माणसाला देऊन टाकते. खोली बदलली, नंबर बदलला, तर त्याच आठवड्यात कळवा आणि कळवल्याची पोच फाइलमध्ये लावा.