आमची वाटचाल: संमतिपत्रापासून टाकीतल्या पाण्यापर्यंत

महाराष्ट्राने जलप्रदूषणाविरुद्ध स्वतःचा कायदा 1969 साली केला आणि 7 सप्टेंबर 1970 रोजी राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झालं. केंद्राचा जल कायदा आला 1974 मध्ये. लहान उद्योगांना या मंडळाचं संमतिपत्र मिळवून देणं, एवढ्याच कामावर आमची फर्म सुरू झाली. आज आमचा जास्त वेळ अर्जांपेक्षा सांडपाणी शुद्ध करणाऱ्या टाक्यांच्या कठड्यावर जातो. संमतिपत्रातला प्रत्येक आकडा शेवटी टाकीतच तपासला जातो, म्हणून काम तिकडे सरकलं.

आधी स्थापनेची संमती, मग उत्पादन सुरू करण्यापूर्वी चालवण्याची संमती, हा क्रम बहुतेकांना माहीत असतो. शुल्क भांडवली गुंतवणुकीवर ठरतं, त्यासाठी सनदी लेखापालाचा दाखला लागतो. संमतिपत्राला मुदत असेल तर नूतनीकरणाचा अर्ज ती संपण्याआधी वेळेत जायला हवा. हे सगळं पोर्टलवर नीट भरता येतं. अर्ज खरा अडतो तो पाण्याच्या ताळेबंदावर, म्हणजे किती पाणी आत येतं आणि ते कुठे जातं या हिशेबावर.

फळांचा गर काढणारा एक लहान कारखाना घ्या. रोज 60 घनमीटर पाणी आत येतं: धुलाई आणि प्रक्रियेला 34, कूलिंग टॉवरला 12, सॉफ्टनर (पाण्याचा जडपणा काढणारं यंत्र) धरून बॉयलरला 8, कामगारांच्या वापराला 6. सांडपाणी मात्र साठ नसतं. प्रक्रियेचं 30, कूलिंगचं ब्लोडाउन (क्षार साठले म्हणून काढून टाकलेलं पाणी) 2, बॉयलरचं 1, सॉफ्टनर रिजनरेशनचं (तो मिठाच्या पाण्याने पुन्हा कामाचा करतानाचं) 1, असं ते 34 होतं. घरगुती वापराचं 5 घनमीटर वेगळं दाखवायचं. उरलेलं पाणी वाफ झालं की मालात गेलं, हेही लिहायचं. ब्लोडाउन आणि रिजनरेशन हमखास विसरली जातात. पुढे फ्लोमीटर संमतीपेक्षा जास्त आकडा दाखवू लागला की नोटीस येते. म्हणून आम्ही मीटर बसवून निदान आठवडाभराच्या नोंदी घेतल्याशिवाय अर्जात आकडा टाकत नाही. चालू नसलेल्या कारखान्यात यंत्र पुरवणाऱ्यांची माहितीपत्रकं आणि तसाच चालू कारखाना, यांवर भागवावं लागतं.

याच 34 घनमीटर सांडपाण्यावर इक्वलायझेशन टाकी (कमीजास्त येणारं सांडपाणी साठवून एकसारखं पुढे सोडणारी) ठरते आणि इथेच बहुतेक ईटीपी, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्रं, बिघडतात. सरासरी प्रवाह ताशी 1.4 घनमीटर, बारा तासांची टाकी धरा, म्हणजे 17 घनमीटर पुरे, असा हिशेब सर्रास केला जातो. पण सगळी धुलाई एकाच आठ तासांच्या पाळीत होत असेल तर ताशी 4.25 येतं, पंप 1.4 उचलतो आणि पाळी संपताना टाकीत सुमारे 23 घनमीटर साठलेलं असतं. सतरा घनमीटरची टाकी त्याआधीच ओसंडते. आम्ही अशा ठिकाणी 30 धरतो आणि तळाशी हवेचं ढवळणं देतो, नाहीतर गर बसून कुजतो आणि सामू (पीएच) घसरतो.

जिवाणूंकडून घाण खाववण्याच्या जैविक भागाचा हिशेबही भारावरूनच. बीओडी (घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) लिटरला 1200 मिलिग्रॅम असेल तर रोजचा भार जवळपास 41 किलो. एमएलएसएस (टाकीतल्या जिवाणूंच्या गाळाचं प्रमाण) लिटरला 3500 मिलिग्रॅम आणि अन्न-जिवाणू गुणोत्तर (एक किलो गाळामागे रोजचा बीओडी किलोत) 0.15 धरलं तर हवा देण्याची एरेशन टाकी 78 घनमीटरच्या आसपास येते. फळांच्या सांडपाण्यात साखर भरपूर, नत्र आणि स्फुरद कमी. बीओडी, नत्र, स्फुरद यांचं 100:5:1 हे प्रमाण राखायला रोज साधारण 2 किलो डीएपी खत आणि साडेतीन किलो युरिया लागतो. तो टाकला नाही की तंतुमय जिवाणू माजतात आणि गाळ खाली बसेनासा होतो. एक लिटरच्या नळकांड्यात अर्धा तास ठेवून बघा. गाळ 300 मिलिलिटरवर बसला आणि एमएलएसएस 3000 असेल तर गाळाचा निर्देशांक (एक ग्रॅम गाळाने व्यापलेले मिलिलिटर) 100, प्रकृती उत्तम. 150 च्या वर गेला की क्लॅरिफायरमधून (गाळ खाली बसवणाऱ्या टाकीतून) गाळ वाहू लागण्याचा धोका. अशा वेळी अनेक जण आधी ब्लोअरची हवा वाढवतात. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन लिटरला 2 मिलिग्रॅमच्या वर असूनही निर्देशांक चढत असेल तर आधी खताचा डबा तपासा.

हंगाम संपला की जिवाणूंची उपासमार सुरू होते. ब्लोअर पूर्ण बंद केला तर जिवाणू मरतात, दिवसभर चालवला तर एकमेकांना खातात. आम्ही तो थोड्या थोड्या वेळाने चालवायला सांगतो आणि शक्य तिथे घरगुती सांडपाणी वळवतो. पुढच्या हंगामाआधी दोन-तीन आठवडे भार हळूहळू, पावपावने चढवायचा.

अंतर्देशीय पृष्ठजलात सोडताना सर्वसाधारण मानक असं: सामू 5.5 ते 9, बीओडी 30, सीओडी (घाणीच्या रासायनिक विघटनाला लागणारा ऑक्सिजन) 250, निलंबित घन पदार्थ 100, तेल-ग्रीस 10; सामू सोडून सगळे आकडे लिटरला मिलिग्रॅममध्ये. उद्योगाचं वेगळं मानक किंवा संमतिपत्रातली मर्यादा याहून कडक असली तर तीच पाळायची. मर्यादेत बसण्यासाठी ताजं पाणी मिसळून सांडपाणी पातळ करणं आम्ही कुणालाही सुचवत नाही. नदीत जाणारा भार त्याने एका ग्रॅमनेही कमी होत नाही आणि मीटरवर ती चोरी दिसतेच.

नमुन्याबाबत आमचा आग्रह जास्त आहे. बीओडीची बाटली 4 अंशांवर, बर्फात ठेवून प्रयोगशाळेत पोहोचली पाहिजे. सीओडीच्या बाटलीत गंधकाम्ल घालून सामू 2 च्या खाली आणायचा. तेल-ग्रीसचा नमुना काचेच्या वेगळ्या बाटलीत थेट प्रवाहातूनच घ्यायचा. बादलीतून ओतला की तेल बादलीला चिकटतं आणि अहवाल खोटा चांगला येतो. मंडळाचे अधिकारी नमुना घ्यायला आले तर जबाबदार माणसाने हजर राहावं आणि नमुन्याचे दोन भाग करून मागावेत. जल कायद्याचं कलम 21 तो हक्क देतं.

आता नवं काम घेताना आमच्या दोन अटी असतात: आवक, जावक आणि ईटीपीच्या विजेला स्वतंत्र मीटर, आणि ऑपरेटरच्या हातात रोजची वही. गाळाची नोंदही त्याच वहीत. रासायनिक गाळ घातक कचऱ्यात मोडतो, तो 90 दिवसांपेक्षा जास्त आवारात ठेवायचा नाही आणि पाठवताना मॅनिफेस्ट (घातक कचऱ्याच्या वाहतुकीचा दाखला) भरायचं. विजेचा मीटर आणि वही जुळत नसतील तर आम्ही 30 सप्टेंबरपर्यंत मंडळाला द्यायच्या वार्षिक पर्यावरण विवरणपत्राला हात लावत नाही.