प्रिंटर कागद अडकवतो? आधी कूलर कुठं लावला ते बघा

खरिपाच्या पीक विम्याचे दिवस आले की आमच्या घरच्या प्रिंटरचे नखरे सुरू होतात. चार लोक ओट्यावर सातबारा अन् आठ-अ च्या प्रिंटा घ्यायला बसलेले, अन् इकडं स्क्रीनवर पेपर जॅम. मग कोणीतरी आतून डोकावून विचारतेच, काऊन बाप्पा, मशीन बिघडली का? मशीन नाही बिघडत राजेहो, बहुतेक वेळा कागद बिघडलेला असतो.

कागद हवेतलं पाणी पितो. पावसाळ्यात तर पितोच, पण आपल्याकडं उन्हाळ्यातही पितो, कारण बाहेर ४४-४५ डिग्री असली तरी खोलीत वाळ्याच्या ताट्यांचा कूलर घोंघावत असतो अन् त्याची ओली हवा नेमकी टेबलावर येते जिथं प्रिंटर ठेवलाय. ट्रेमधला कागद रात्रभर तिथंच राहिला तर सकाळी हात लावून बघा, कडा लहरी झालेल्या अन् दोन-दोन पानं एकमेकांना चिकटलेली. असा कागद रोलरनं सरळ ओढला जात नाही. लेझर प्रिंटर असेल तर अजून पंचाईत, कारण त्यातल्या फ्यूजरचं, म्हणजे शाईची पूड कागदावर वितळवून बसवणाऱ्या भागाचं, तापमान २०० डिग्रीच्या आसपास जाते, कागदातल्या पाण्याची वाफ होते, पान वळते अन् बाहेर निघता निघता तिथंच गुंडाळून बसते.

म्हणून रिमचं वेष्टन टराटरा फाडून फेकू नका, ते ओल लागू नये म्हणूनच असते. लागतील तेवढीच पानं काढा, बाकीची वेष्टनात गुंडाळून वरून पॉलिथिन. ट्रेमध्ये टाकायच्या आधी गठ्ठा फडफडवून घ्या, कडा ठोकून सरळ करा, पानं वळलेली असतील तर गठ्ठा उलटा करून बघा. बाजूच्या पट्ट्या कागदाला जेमतेम टेकल्या पाहिजेत, ढिल्या राहिल्या की पान तिरपं जाते, लय आवळल्या की ओढल्याच जात नाही. अन् ७० जीएसएमची (म्हणजे कागदाच्या वजनाचं माप, पाकिटावर लिहिलेलं असते) चार पानं, वरून ८० ची दहा, असली खिचडी नको.

आता अडकलंच तर. आधी बटण बंद, पिन काढा. लेझरवाल्यांनी थोडा वेळ थंड होऊ द्या, नाहीतर हात भाजेल. कार्ट्रिज काढलं तर त्यावर कापड झाका, ड्रमला, म्हणजे अक्षरं उमटवणाऱ्या नळकांड्याला, उजेड चालत नाही. कागद दोन्ही हातांनी, हळू, अन् शक्यतो ज्या दिशेनं तो चालला होता त्याच दिशेनं ओढायचा. मागचं झाकण उघडते का ते बघा, लोकांना ते असते हेच माहीत नसते. फाटलाच तर तुकडे टेबलावर जोडून बघा. कोपरा कमी पडला तर तो आतच आहे, अन् नखाएवढा तुकडा जरी सेन्सरच्या त्या बारक्या काळ्या दांडीखाली राहिला तरी मशीन रिकामी असूनही जॅम-जॅम करत राहते. टॉर्च घ्या. इंकटँकवाल्यात, म्हणजे शाईच्या टाकीच्या प्रिंटरात, एक पारदर्शक पट्टी आडवी ताणलेली दिसेल, तिला हात लावू नका, तेलकट बोटाचा डाग पडला तरी शाई सोडणारं हेड भरकटते.

लोडशेडिंगनं मधातच लाइट गेली तर घाईनं पान उपसू नका, लाइट आली की बरेच प्रिंटर स्वतःच ते बाहेर टाकून देतात.

आणि एक खास आपल्याकडची भानगड. दसऱ्याला ट्रॅक्टर, शिवणयंत्र, इन्व्हर्टर अन् प्रिंटर सगळ्यांची पूजा होते, हळदी-कुंकू, फूल, अन् वरून अक्षता. मागून कागद टाकायचा प्रिंटर असेल तर त्याची फट वर तोंड करूनच असते, तांदूळ सरळ आत. मग पान दरवेळी एकाच बाजूनं तिरपं जाऊन अडकते. लोक प्रिंटर उलटा करून झटकतात, इंकटँक असेल तर असं करूच नका, सगळी शाई आत सांडते. जाड पुठ्ठ्याच्या पट्टीला चिकटटेप उलटी गुंडाळून फटीत फिरवा, दाणा चिकटून वर येतो. पूजेच्या दिवशी वर वर्तमानपत्र टाकून ठेवलं तर हे सगळं टळते, देवाचं काही जात नाही.

एवढं करूनही पान ओढलंच जात नसेल तर रोलर बघा. तूर-सोयाबीन काढायच्या दिवसांत गावभर भुसा उडत असतो, तो रबरावर बसला की रोलर नुसता फिरतो, कागद जागचा हलत नाही. साध्या पाण्यानं जेमतेम ओलं केलेलं, धागे न सुटणारं कापड घेऊन रोलर फिरवत फिरवत पुसा अन् पूर्ण वाळू द्या. पेट्रोल-थिनर लावू नका, रबर खाऊन टाकते. पुसूनही रबर गुळगुळीत चमकत असेल तर ते संपलं, बदला. कोरडा चांगला कागद असूनही दोन-दोन पानं सोबत जात असतील तर रोलर नाही, त्याच्यासमोरचं छोटं पॅड झिजलंय, दुकानात सेपरेशन पॅड म्हणून मागा अन् जुनं सोबत न्या, मॉडेलगणिक वेगळं असते.