तंजावर: मराठी शिलालेख बघायचा तर गाइड करू नका

जुन्या बसस्टँडवर रिक्षावाल्याने "दोन तासांत अख्खं तंजावर" म्हणून गाठलं आणि आम्ही भुललो. बृहदीश्वराच्या देवळापासून राजवाडा दीड किलोमीटरही नाही, त्याचे त्याने दोनशे घेतले. तेच अंतर येताना पायी वीस मिनिटांत कापलं. गावात रिक्षा करूच नका.

त्याच्याच ओळखीचा गाइड. बृहदीश्वराच्या आवारात आम्ही पोचलो अकराला, फेब्रुवारीत, अनवाणी. फरशीचा नुसता तवा! गाइड ठासून सांगत होता की विमानाची, म्हणजे गाभाऱ्यावरच्या शिखराची, सावली जमिनीवर पडतच नाही. मी तेव्हा त्याच सावलीच्या चिंचोळ्या पट्ट्यात उभा होतो, कारण बाकी कुठे पाय टेकवत नव्हता. राजराज चोळाने १०१० साली पुरं केलेलं, साठ मीटरांच्या वर गेलेलं दगडी काम. त्याला असल्या थापांचं ठिगळ कशाला?

मराठी शिलालेख कुठे, विचारलं तर "नो मराठी, ओन्ली तमिळ" म्हणाला. तिथेच त्याचे पैसे देऊन मोकळे झालो. तळपाय भाजून घेत नैऋत्येकडच्या ओवरीत शिरलो, तर समोर भिंतभर देवनागरी! तंजावरचे मराठे राजे दुसरे सरफोजी यांनी १८०३ साली कोरून घेतलेला भोसले घराण्याचा इतिहास. भाषा जुन्या वळणाची, वाचताना अडखळायला होतं, पण ओवरीत गार सावली असते. आम्ही तासभर बसून होतो, मराठी माणूस एकही फिरकला नाही. सगळे नंदीसमोर फोटो काढत होते.

देवळाला लागूनच शिवगंगा बाग आहे. तिथलं श्वार्ट्झचं चर्च कुणीच सांगत नाही. आम्ही गेलो तेव्हा कुलूप होतं, राखणदाराला शोधावं लागलं. आत फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराचं संगमरवरी शिल्प आहे: मिशनरी श्वार्ट्झ मरणशय्येवर आणि भेटीला आलेले तरुण सरफोजी, त्याचे शिष्य. हे चुकवू नका.

राजवाड्यात दर दालनाला वेगळं तिकीट, सुटे पैसे ठेवा. चोळांच्या ब्राँझच्या मूर्ती बघाच. सरस्वती महाल या तिथल्या जुन्या ग्रंथालयाच्या ग्रंथांवर फार आशा लावू नका. आपल्यासारख्यांना फक्त छोटं संग्रहालय दाखवतात. दुसऱ्या दिवशी दारासुरमचं चोळकालीन देऊळ केलं, छान झालं.

तर सकाळी सहाला देवळात जा, प्रवेश फुकट आहे. उशीर झालाच तर जाड मोजे घाला, आम्हाला कुणी अडवलं नाही.

संध्याकाळी पश्चिम राजवीथीत आमचं त्या दोनशेंवरून भांडण चाललेलं. ओट्यावरच्या आजीबाई एकदम मराठीत बोलल्या. हेल तमिळ, पण शब्द न् शब्द कळला. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. किती दिले, विचारलं. आकडा ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला.