काडीपैलवान : आमची वाटचाल

कोल्हापुरात कुणाला काडीपैलवान म्हटलं तर तो अपमान असतो. आम्ही मात्र त्याच्याच जिवावर ऑफिसचं भाडं भरलं.

२००८ साली मी आणि माझा मावसभाऊ राजारामपुरीत एका सायबर कॅफेच्या वरच्या खोलीत काडीच्या माणसांचा नेमबाजीचा गेम बनवायला बसलो, फ्लॅशवर, म्हणजे तेव्हा ब्राउझरमध्ये गेम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर. भारनियमनाचे दिवस. इन्व्हर्टरची बॅटरी तिसऱ्या मजल्यावर आम्हीच चढवली. (ऑफिस घेणार असाल तर तळमजला बघा.) तो चित्रं काढायचा, मी अ‍ॅक्शनस्क्रिप्ट म्हणजे फ्लॅशचा कोड लिहायचो. चित्रकला येत नाही म्हणून काड्या काढतात, असं लोक आजही म्हणतात. अहो, सगळा गेम सहाशे केबीत बसवायचा होता! शिवाय काडीच्या माणसाला चेहरा नसतो. पडद्यावर बारा जण हिंडतायत, त्यातला आपला कोणता, हे चालीवरूनच ओळखायचं. आमच्या गेमची सगळी मेख तिथे होती.

बंदुकीवरची दुर्बीण म्हणजे एक गोल मास्क (फक्त गोलातलं दिसू देणारं झाकण) आणि त्याखाली तेच दृश्य चौपट मोठं करून ठेवलेलं. माउस हलला की दोन्ही थर आपापल्या गतीने सरकवायचे. हे जमायला मला अकरा रात्री लागल्या. पहारेकऱ्याला नजरेचा पंखा दिला होता : कोन आणि अंतर मोजायचं, मध्ये भिंत आहे का बघायचं, मग तो निवांत, संशयी की सावध ते ठरायचं. एखादं प्रेत त्याच्या पंख्यात आलं की सगळा तळ जागा.

पण पहिला गेम म्हणजे नुसती धडाधड गोळीबारी होती. ती थांबवली गडहिंग्लजकडच्या एका निवृत्त सुभेदारांनी. पेन्शनच्या कामासाठी खाली कॅफेत यायचे. एकदा मागे उभं राहून बघत होते. म्हणाले, "गोळी काय दोरी बांधून सोडलीया व्हय? खाली बसती ती." मग वहीत मांडून दाखवलं : चारशे मीटरला गोळीला अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो, तेवढ्यात ती नळीच्या रेषेपासून माणसाच्या छातीच्या उंचीइतकी खाली उतरते. वाऱ्याचं वेगळंच. श्वास अर्धा सोडून थांबायचं. आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे पडून राहायचं. सातवी पातळी त्यांच्यासाठीच बनवली : चाळीस सेकंद काहीच करायचं नाही, समोरचा ट्रक निघून जाईपर्यंत. मावसभाऊ म्हणाला, "दादा, पोरं गेम बंद करतील." काहींनी केलाही. सुभेदार मात्र दर महिन्याला येऊन सातवी खेळायचे आणि चुका काढायचे.

फुकट गेम खेळू देणाऱ्या एका परदेशी पोर्टलने सुरुवातीला त्यांचा लोगो लावायचे पैसे दिले, बाकी फाइल जगभर फुकट फिरू दे म्हणाले. धंद्याची रीतच ती.

आता मुख्य गोष्ट. २०११ मध्ये एका मोठ्या शहरातली दोन माणसं "भागीदारी करू" म्हणत आली. तांबडा-पांढरा रस्सा ओरपला, गेम कसा बांधलाय ते विचारलं, निघून गेली. दोन महिन्यांनी आमचाच गेम दुसऱ्या नावाने! एसडब्ल्यूएफ (फ्लॅश गेमची तयार फाइल) डिकंपाइल करून, म्हणजे उलगडून कोड काढून, लोगो बदललेला, जाहिराती त्यांच्या. वर आमच्या पोर्टलने आम्हालाच विचारलं की तुम्ही फाइल दोघांना विकली का. पुढचा करार गेला. मावसभाऊ त्या दिवाळीत सासऱ्यांच्या ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये रुजू झाला. मी त्याला अडवलं नाही. साइटलॉक (ठरलेल्या साइटशिवाय गेम चालू न देणारा कोड) पहिल्या दिवशी लावा, घरी आलेल्याला सोर्स म्हणजे मूळ कोड दाखवू नका, आणि करार तोंडी करू नका, सख्ख्या भावाशीसुद्धा.

त्यानंतरची वर्षं शाळांच्या वेबसाइटी आणि मोबाइल अ‍ॅपवर बरी गेली. जुलै २०१७ मध्ये फ्लॅश बंद होणार असं जाहीर झालं, ३१ डिसेंबर २०२० ला आधार संपला आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअरने जुन्या फाइली उघडणंच सोडलं. त्या दिवशी आमचा पहारेकरीही मेला. सुभेदार त्याच्या आदल्या वर्षीच गेले होते.

परवा भाच्याने जुन्या फ्लॅश फाइली चालवणाऱ्या रफल नावाच्या एम्युलेटरवर आमचा गेम चालवून दाखवला. कुणीतरी जुन्या फाइली जपून ठेवल्यात म्हणे. सुरुवातीला लोगो कुणाचा, तर रस्सा ओरपून गेलेल्या त्या दोघांचाच! मी उठून जाणार होतो. भाचा म्हणाला, "मामा, सातवीपर्यंत जाऊ दे की." गेलो. पडून राहिलो. चाळीस सेकंदांनी ट्रक हलला आणि त्यामागून मैलाचा दगड दिसला, मावसभावाने काढलेला : गडहिंग्लज ४०.

चोरांना तेवढं थांबणं जमलंच नसणार.