गंगा आली म्हणून

राजापूरला गंगा आल्याची, म्हणजे तिथल्या कोरड्या कुंडांत झऱ्याचं पाणी उतरल्याची खबर वाडीत पोचली तेव्हा आत्या आंब्याच्या साठांना ऊन दाखवत होती. हात पुसत म्हणाली, "मी चालत जाणार." वय अडुसष्ट. मग काय, मीही सोबत.

जैतापुराजवळच्या आमच्या वाडीतून रात्री दोनला निघालो. अंधारात खाडी दिसत नव्हती, चिखलाचा वास तेवढा येत होता. पूर्वी मोठी जहाजं खाडीच्या तोंडाशी थांबत आणि मचव्यांतून माल वर राजापूरच्या बंदरात जाई. त्यासाठीच इंग्रजांनी १६४९ साली तिथे वखार घातली. १६६० मध्ये त्यांनी पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरला मदत केली. पुढच्याच वर्षी महाराजांनी राजापूर लुटलं, वखार खणून काढली, साहेबांना कैद केलं. शाळेत हे एका ओळीत उरकलं होतं.

उजाडल्यावर राजापूरच्या जवाहर चौकात चहा. बंदर गाळाने संपलं, पण पाण्याने गावाला सोडलेलं नाही. पावसाळ्यात अर्जुना आणि कोदवली या नद्या याच चौकात घुसतात. चहावाल्याने बरण्यांच्या वरच्या फळीवर बोट ठेवलं, "हितपर्यंत."

उन्हाळे गावातल्या गरम झऱ्याखाली पाय धरले तेव्हा कळलं, टाचेला फोड आलाय. आत्याला काहीच नाही. पुढचा जांभ्याचा चढ तीच पुढे.

वर चौदा कुंडं. साधारण तीन वर्षांनी गंगा येते म्हणतात, पण ती वेळापत्रक पाळत नाही. जमिनीच्या पोटातल्या नैसर्गिक वक्रनलिकेमुळे, म्हणजे सायफनमुळे पाणी असं येतं-जातं, असं अभ्यासक सांगतात. मला पटतं. तरीही एका कुंडातून दुसऱ्यात उतरलो की पाणी कोमट, शेजारी गार, हे अंगाला कळतं तेव्हा वक्रनलिका आठवत नाही. आत्या वडाखालच्या मूळगंगेशी बराच वेळ नुसती बसून होती.

तिथलं पाणी धोपेश्वरच्या धूतपापेश्वर महादेवाला घालायचं म्हणून बाटली भरली. बूच नीट लावायचं काम माझं. धोपेश्वरला पोचेपर्यंत पिशवी ओली आणि बाटली अर्धी.

आत्याने बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "वाटेवर पण देव असतात रे," म्हणाली आणि उरलेलं पिंडीवर घातलं. घोटभर मात्र घरच्या देव्हाऱ्यासाठी राखलं. बूच या वेळी तिने स्वतः लावलं.

परतीला एसटी.